पाखरांच्या याद्या : भारतात कोणता पक्षी मारता येत असे आणि तो हक्क कसा संपला

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात, महादेवाच्या मंदिराजवळ, दगडावर कोरलेली एक यादी आहे. तीत पाहुण्यांची नावे आहेत, तारखा आहेत आणि प्रत्येक तारखेपुढे एक आकडा आहे. हा आकडा त्या दिवशी बंदुकीने पाडलेल्या पक्ष्यांचा. सर्वांत मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ या दिवसासमोर आहे : ४,२७३. त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे होते तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो. या कत्तलीत बेकायदा असे काहीच नव्हते. नोव्हेंबर हा शिकारीचा हंगाम होता, पाणथळ जागा महाराजांच्या मालकीची होती आणि मारलेले पक्षी हे बहुतांशी बदकांसारखे, ‘मारण्याजोगे’ मानलेले होते.

आज त्याच पाण्यात एका बदकाचे अंडे फोडणे हासुद्धा भारतीय कायद्याने ‘शिकार’ ठरणारा गुन्हा आहे. योगायोग असा, की १२ नोव्हेंबर हाच डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस आणि तो आता देशभर पक्षी निरीक्षण दिन म्हणून पाळला जातो.

‘भारतात कोणत्या वन्य पक्ष्याची शिकार कायद्याने करता येते?’ या प्रश्नाचे आजचे उत्तर एका ओळीत संपते : हौसेखातर किंवा खाण्यासाठी, अपवाद वगळता, कोणत्याही नाही. परंतु या एका ओळीपर्यंत पोहोचायला आपल्याला सव्वादोन हजार वर्षे लागली. हा इतिहास मुख्यतः याद्यांचा इतिहास आहे. कोणता पक्षी यादीत घातला, कोणता वगळला आणि यादी कोणी, कोणासाठी केली, हे पाहिले की त्या त्या काळाची निसर्गाकडे पाहण्याची दृष्टी स्पष्ट होते.

पहिल्या याद्या

पक्ष्यांना नाव घेऊन अभय देणारा उपखंडातील सर्वांत प्रसिद्ध राजादेश सम्राट अशोकाचा आहे. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात, कोणते जीव मारू नयेत याची नावनिशीवार यादी येते. तीत पोपट, मैना, चक्रवाक आणि हंस आहेत. पहिल्या शिलालेखात तर राजाने आपल्या मुदपाकखान्याचाच हिशेब दिला आहे : पूर्वी तेथे रोज शेकडो हजारो प्राणी मारले जात; आता केवळ दोन मोर आणि एक हरिण मारले जाते आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. आज राष्ट्रीय पक्षी असलेल्या मोराला मिळालेले लेखी अभय इतके जुने आहे, आणि ते देणाऱ्याला मोराचे मांस आवडत असावे, हेही त्याच लेखातून कळते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सूनाध्यक्ष’ नावाचा अधिकारी आहे. कत्तलखान्यांवर देखरेख करणे हे त्याचे काम. त्या प्रकरणातही हंस, क्रौंच, चकोर, कोकिळ, मोर, पोपट, मैना अशा पक्ष्यांना हिंसेपासून वाचवावे असे म्हटले आहे. या दोन्ही याद्यांत एक साम्य दिसते. ज्या पक्ष्यांची नावे आहेत, ते सुंदर, गोड गळ्याचे किंवा शुभ मानलेले आहेत. उपयुक्तता किंवा दुर्मीळता हा निकष तेथे नाही. शिवाय यादीत नाव नसलेल्या पक्ष्याला संरक्षण नाही. ही रीत पुढे फार काळ टिकली.

साहेबांची बंदूक आणि पक्षीविज्ञान

एकोणिसाव्या शतकात बंदूक स्वस्त झाली, रेल्वे आली आणि शिकार हा राज्यकर्त्या वर्गाचा नित्याचा छंद झाला. या छंदातूनच भारतीय पक्षीविज्ञान वाढले, हे मान्य करावे लागते. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी सी. एच. टी. मार्शल यांच्यासह भारत, ब्रह्मदेश आणि सिलोन येथील शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात प्रसिद्ध केला. ह्यूम यांनी जमविलेले हजारो पक्षी-नमुने १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला गेले. त्या काळात पक्षी ‘पाहणे’ म्हणजे बहुधा तो पाडून हातात घेणे.

येथे मराठीची एक अडचण लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्याकडे ‘शिकारी पक्षी’ म्हणजे ससाणा, गरुड, म्हणजेच स्वतः शिकार करणारे पक्षी. ज्यांची शिकार माणूस करतो त्या तित्तर, लावा, बदक, पाणलावा यांच्यासाठी एकच रूढ शब्द नाही. इंग्रजीत मात्र अशा पक्ष्यांचा एक वेगळा वर्गच आहे आणि वसाहतकाळातील सगळा कायदा याच वर्गाभोवती उभा राहिला. पक्षी वाचवायचा तो कशासाठी? पुढच्या हंगामात मारायला शिल्लक राहावा म्हणून. या भूमिकेला ढोंग म्हणण्याचे कारण नाही. ती उघडपणे मांडली जात होती आणि तिच्यात एक व्यवहारी शहाणपणही होते. विणीच्या काळात मादी मारली, तर पुढच्या वर्षी थवाच नसतो.

याच विचाराने १८८७ चा वन्य पक्षी संरक्षण कायदा आला. तो फार मर्यादित होता. नगरपालिका आणि छावण्यांना आपल्या हद्दीत, विणीच्या काळात नुकत्याच मारलेल्या किंवा पकडलेल्या वन्य पक्ष्यांची विक्री आणि बाळगणे रोखणारे नियम करता येत होते. रानात काय घडते याच्याशी त्याचा संबंध नव्हता. तो बाजारापुरता होता.

दुसरे दडपण युरोपातून आले. स्त्रियांच्या टोप्यांवर बगळ्यांच्या विणीच्या काळातील नाजूक पिसांचे तुरे लावण्याची तेथे टूम होती. ही पिसे विणीच्याच काळात येतात, म्हणून बगळे घरट्यांवरच मारले जात आणि पिल्ले उपाशी मरत. भारत हा या व्यापाराचा मोठा पुरवठादार होता. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांची कातडी आणि पिसे देशाबाहेर पाठविण्यास बंदी घातली. शहामृगाची पिसे आणि शास्त्रीय नमुने यांचा अपवाद होता. ब्रिटनने स्वतः अशी पिसे आयात करण्यावर बंदी घालायला १९२१ साल उजाडले. वसाहतीत कायदा आधी झाला आणि बाजारपेठेच्या देशात १९ वर्षांनी.

१९१२ ची यादी

या दोन्ही धाग्यांची गाठ १९१२ च्या वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षण कायद्यात पडते. त्याच्या अनुसूचीतील पक्षी पाहा : माळढोक, बदके, तणमोर, रानकोंबडे, तित्तर, मोर, फेझंट, कबुतरे, लावे, पखुर्ड्या, रंगीत पाणलावा, चकोत्री, वूडकॉक, आणि त्यांच्या जोडीला ढोकरी, बगळे, नीलपंख आणि खंड्या. पहिला गट ताटातला, दुसरा टोपीवरचा. नीलपंख आणि खंड्या यांच्या निळ्या पिसांना मागणी होती म्हणून ते यादीत आले. गिधाड, घुबड, गरुड, सुतार, धनेश यांपैकी एकाचेही नाव त्यात नाही, कारण ते ना शिकाऱ्याच्या उपयोगाचे होते, ना व्यापाऱ्याच्या.

पाणलाव्यांपैकी केवळ रंगीत पाणलाव्याचे नाव असणे हेही बोलके आहे. इतर पाणलावे हिवाळी पाहुणे. त्यांची वीण दूर उत्तरेत होते. रंगीत पाणलावा मात्र आपल्याकडेच अंडी घालतो. ज्याची वीण येथे, त्याच्यासाठी विणीचा काळ राखून ठेवायचा, असा हा हिशेब होता. प्रांतिक सरकारने प्रत्येक पक्ष्यासाठी बंदीचा हंगाम जाहीर करायचा आणि त्या हंगामात त्याला पकडायचे, मारायचे किंवा विकायचे नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड ५० रुपयांपर्यंत. पुन्हा गुन्हा केल्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा १०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

हंगाम संपला की बंदी संपे. माळढोकासारखा वर्षाला बहुधा एकच अंडे घालणारा पक्षी आणि एका वेळी दहाबारा अंडी घालणारी बदके यांच्यात या कायद्याने मूलभूत फरक केला नाही. किती पक्षी मारावेत यावरही मूळ कायद्यात बंधन नव्हते. १९३८ च्या भरतपूरमधील ४,२७३ पक्षी याच चौकटीत पडले.

तणमोराची कथा या व्यवस्थेतील विसंगती दाखविते. एरवी उंच गवतात दडून राहणारा हा पक्षी पावसाळ्यात, म्हणजे विणीच्या काळात, सर्वांना दिसतो. नर गवतातून पुन्हा पुन्हा उसळी मारून मादीला आपली जागा दाखवितो. शिकाऱ्यालाही तो नेमका तेव्हाच दिसे. त्यामुळे ज्या काळात त्याला मारू नये, त्याच काळात तो सर्वाधिक मारला गेला. एकोणिसाव्या शतकातील पक्षीतज्ज्ञांनीही याबद्दल खंत व्यक्त केली होती. आज तो जगातील अतिदुर्मीळ पक्ष्यांपैकी एक आहे.

काही पक्ष्यांना तर कोणतीच यादी वेळेत मिळाली नाही. हिमालयीन लावा १८७६ मध्ये नैनितालजवळ शेवटचा नोंदविला गेला. त्यानंतर त्याचा खात्रीशीर पुरावा नाही. गुलाबी डोक्याचे बदक १९३५ मध्ये बिहारमधील दरभंग्याच्या परिसरात शेवटचे दिसले. दलदलीची शेती झाली आणि उरलेल्या पक्ष्यांवर बंदुका होत्या.

या कायद्यांची आणखी एक बाजू नजरेआड करू नये. ‘खेळ’ म्हणून होणारी शिकार प्रतिष्ठेची ठरली आणि फासे लावून तित्तर-लावे पकडणाऱ्या पारध्यांचे पोट भरण्याचे साधन हे ‘चोरटी शिकार’ ठरले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांसह अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. हजारो पक्षी पाडणाऱ्या पाहुण्याचे नाव दगडावर कोरले गेले आणि चार लावे पकडणाऱ्याचे नाव पोलिसांच्या नोंदवहीत गेले. वन्यजीव संरक्षणाविषयी गावागावांत जो अविश्वास आजही आढळतो, त्याचे एक मूळ येथे आहे.

स्वातंत्र्यानंतर : मुंबई राज्याचा कायदा आणि भरतपूर

स्वतंत्र भारतात वन्यजीव हा विषय राज्यांकडे होता. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षण कायदा केला. त्यात शिकारीच्या प्रकारांनुसार परवान्यांची सविस्तर व्यवस्था होती आणि देशातील या विषयावरच्या सर्वंकष कायद्यांत तो आद्य मानला जातो. १८८३ पासून मुंबईत काम करणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांचे वजन या काळात वाढत होते. १९५२ मध्ये केंद्राने भारतीय वन्यजीव मंडळ स्थापन केले.

सालिम अली यांचा प्रवास या स्थित्यंतराचे उत्तम उदाहरण आहे. लहानपणी हवाई बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारायला ते सोसायटीत गेले आणि सचिव मिलर्ड यांनी त्यांच्यासमोर भुसा भरलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडले. पुढे अनेक संस्थानांच्या पक्षी-सर्वेक्षणांत त्यांनी स्वतः बंदुकीने नमुने गोळा केले. म्हणजे पक्षी वाचविण्याची चळवळ बंदूक हाती धरलेल्या माणसांतूनच पुढे आली. त्यांच्या नोंदवहीत मात्र मारलेल्या पक्ष्यांच्या आकड्यापेक्षा त्यांच्या वीण, स्थलांतर आणि आहार यांच्या नोंदींना महत्त्व होते.

भरतपूरची पाणथळ जमीन शेतीसाठी मोकळी करावी, अशी मागणी स्वातंत्र्यानंतर जोर धरू लागली होती. सालिम अली आणि इतरांच्या प्रयत्नांनी १९५६ मध्ये ती पक्षी अभयारण्य झाली. पण माजी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत कायम राहिला. अभयारण्यात शेवटची मोठी शिकार १९६४ मध्ये झाली. ‘अभयारण्य’ या शब्दाचा अर्थ तेव्हा किती लवचीक होता, हे यावरून कळावे.

१९७२ : पाच अनुसूच्या

इंदिरा गांधी यांच्या कार्यकाळात ९ सप्टेंबर १९७२ रोजी वन्यजीव संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. विषय राज्यांचा असल्याने संविधानाच्या अनुच्छेद २५२ चा मार्ग घ्यावा लागला : अकरा राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले आणि त्यावर संसदेने कायदा केला. महाराष्ट्र या पहिल्या अकरांत नव्हता. त्याने तो नंतर स्वीकारला. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वन्य प्राणी व पक्षी यांचे संरक्षण समवर्ती सूचीत आले. वन्यजीवांचे रक्षण हे राज्याचे धोरण आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य, असे अनुच्छेद ४८-अ आणि ५१-अ यांत त्याच वेळी लिहिले गेले.

पुष्कळांची समजूत अशी असते, की १९७२ मध्ये शिकार बंद झाली. तसे घडले नाही. मूळ कायद्यात पाच अनुसूच्या होत्या. पहिलीतील प्राणी-पक्ष्यांना, उदाहरणार्थ माळढोक आणि मोर यांना, पूर्ण संरक्षण मिळाले. दुसरी विशेष शिकारीची, तिसरी मोठ्या शिकारीची, चौथी लहान शिकारीची. या तिन्हींसाठी परवाने मिळत. बदके, तित्तर, लावे हे नित्याच्या शिकारीचे पक्षी ‘लहान शिकारी’त होते. पाचव्या अनुसूचीचे नाव होते ‘उपद्रवी प्राणी’. त्यांना मारायला परवानाही लागत नसे. उंदीर, घुशी आणि फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या जोडीला एकच पक्षी तेथे होता : आपला नेहमीचा कावळा.

तरीही १९१२ च्या तुलनेत एक मोठी उलथापालथ झाली होती. आता यादीत शिकाऱ्याच्या उपयोगाच्या नसलेल्या पक्ष्यांनाही जागा मिळाली. आणि ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या रुंदावली : मारणे, विष घालणे, पकडणे, फास लावणे, हाकणे, आमिष दाखविणे, जखमी करणे आणि पक्ष्यांची अंडी किंवा घरटी उद्ध्वस्त करणे, इतकेच काय या साऱ्याचा प्रयत्न करणे, हे सर्व शिकारच. पक्ष्याचे आयुष्य घरट्यापासून सुरू होते, ही जीवशास्त्रातील साधी गोष्ट कायद्याच्या भाषेत उतरली.

परवान्याचा अंत

१९७० च्या दशकाच्या अखेरीस जैसलमेरच्या वाळवंटात एका अरब राजपुत्राचा लवाजमा पाळीव ससाण्यांकरवी हुबारा या पक्ष्याची शिकार करायला उतरला, तेव्हा राजस्थानात मोठा जनक्षोभ झाला. निदर्शने झाली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. त्यातून माळढोक-कुळातील पक्ष्यांकडे देशाचे लक्ष वेधले गेले. १९८० मध्ये जयपूरला या पक्ष्यांवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. त्याच सुमारास महाराष्ट्रात सोलापूरजवळ नान्नज परिसरात माळढोक अभयारण्य जाहीर झाले होते. ‘पाहुण्याला शिकार घडविणे’ ही जुनी राजरीत आता लोकांना मान्य नव्हती.

शेवटचा घाव १९९१ च्या दुरुस्तीने घातला. परवान्यावर शिकार करण्याची तरतूदच काढून टाकण्यात आली. पहिल्या ते चौथ्या अनुसूचीतील कोणत्याही प्राण्याची वा पक्ष्याची शिकार निषिद्ध झाली. राहिले ते ठरावीक अपवाद. मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊन माणसाला धोकादायक ठरलेला किंवा बरा न होण्याइतका आजारी, जायबंदी प्राणी मारण्याची अनुमती देऊ शकतात. खालच्या अनुसूचीतील प्राण्यांबाबत उभ्या पिकाचे नुकसान हेही कारण चालते. शिक्षण, संशोधन, संग्रहालये यांसाठी वेगळी परवानगी असते. निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क कायद्याने अबाधित ठेवले आहेत. जम्मू-काश्मीरचा १९७८ चा स्वतंत्र कायदा होता. २०१९ नंतर तेथेही केंद्रीय कायदा लागू झाला.

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. तिने अनुसूच्यांची संख्या चारवर आणली : दोन प्राण्यांच्या, एक वनस्पतींची आणि एक आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातील जातींची. ‘उपद्रवी’ ही कायमची अनुसूची पुसली गेली आणि कावळ्यावरचा अर्ध्या शतकाचा शिक्का गेला. दुसऱ्या अनुसूचीतील एखादा प्राणी ठरावीक प्रदेशात आणि मुदतीपुरता उपद्रवी जाहीर करण्याचा अधिकार मात्र केंद्राकडे राहिला. पहिल्या अनुसूचीतील पक्षी मारल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. १९१२ च्या ५० रुपयांपासून हा प्रवास किती लांबचा आहे, ते पाहावे.

कायदा पुस्तकात, पक्षी जाळ्यात

यादी पूर्ण झाली म्हणून पक्षी वाचतोच असे नाही, हे २०१२ मध्ये नागालँडने दाखविले. वोखा जिल्ह्यातील दोयांग जलाशयावर दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लाखो अमूर ससाणे उतरतात. पूर्व आशियातून आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडे जाताना हा त्यांचा थांबा असतो. त्या वर्षी मासेमारीच्या जाळ्यांत दिवसाला १२ ते १४ हजार पक्षी पकडले जात असल्याचा अंदाज निरीक्षकांनी प्रसिद्ध केला. कायद्याने ही शिकार १९९१ पासूनच गुन्हा होती. गावकऱ्यांच्या दृष्टीने तो एक हंगामी रोजगार होता.

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ही कत्तल जवळजवळ शून्यावर आली. केवळ पोलिसी बळावर हे घडले नाही. पांगती आणि आसपासच्या ग्रामपरिषदांनी स्वतः बंदी घातली, चर्चमधून आवाहन झाले, शाळांत निसर्गमंडळे निघाली. शास्त्रज्ञांनी तीन ससाण्यांना उपग्रह-टॅग लावले आणि त्यांना नावे दिली : नागा, वोखा आणि पांगती. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोहोचला, हे गावाने पाहिले. अरुणाचल प्रदेशातही २०२१ मध्ये हवाई बंदुका स्वेच्छेने जमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि थोड्याच काळात दीड हजारांहून अधिक बंदुका लोकांनी सोपविल्या.

याउलट भरतपूरचा धडा कटू आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि तेथील गुरेचराई एकाएकी बंद करण्यात आली. १९८२ मध्ये संतप्त गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष होऊन गोळीबारात काही ग्रामस्थांचे प्राण गेले. त्यानंतर सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात असे दिसले, की म्हशी थांबल्यामुळे पाणगवत बेसुमार वाढले, उघडे पाणी गुदमरले आणि अनेक पाणपक्ष्यांची संख्या घटली. माणूस आणि गुरे बाहेर ठेवली की निसर्ग आपोआप बरा होतो, हे गृहीतक पक्ष्यांनीच खोटे ठरविले. ज्या सायबेरियन क्रौंचासाठी भरतपूर जगप्रसिद्ध होते, तो तेथे २००२ नंतर आला नाही. त्याच्या वाटेवरच्या अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात बंदुका होत्या. आपल्या अनुसूचीचा अंमल सीमेपलीकडे चालत नाही.

यादीच्या पलीकडे

माळढोकाकडे पुन्हा एकदा पाहू. अशोकापासून आजवरच्या याद्यांत त्याचे स्थान उत्तरोत्तर वर चढत गेले : १९१२ मध्ये हंगामी संरक्षण, १९७२ मध्ये पहिली अनुसूची. संख्या मात्र उतरत गेली. १९६९ च्या सुमारास धर्मकुमारसिंहजी यांनी देशात १,२६० माळढोक असावेत असा अंदाज केला होता. आज ते दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आहेत. आज त्याला बंदुकीपेक्षा अधिक भय विजेच्या तारांचे आहे. जड शरीर आणि समोरचे कमी दिसणारी दृष्टी यांमुळे उडताना तार त्याला वेळेत दिसत नाही. थरच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात वर्षाला अंदाजे ८४ हजार पक्षी तारांमुळे मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा निष्कर्ष आहे. माळढोकाच्या प्रदेशातील तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला; २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. वाद आहे तो सौरऊर्जा आणि माळढोक यांच्यात, म्हणजे दोन चांगल्या हेतूंमध्ये.

गिधाडांवर तर कोणी बंदूक रोखली नव्हती. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावरांतून त्यांच्या पोटात गेले आणि १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. पशुवैद्यकातील त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या कितीही रुंद केली, तरी औषधाची बाटली आणि विजेची तार तीत बसविणे कठीण आहे. कायदा हेतू शोधतो आणि येथे मारण्याचा हेतू कोणाचाच नाही.

संपूर्ण बंदी हाच एकमेव मार्ग होता का, हा प्रश्नही विद्यार्थ्यांनी मोकळेपणाने विचारावा. अमेरिकेने १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानंतर बदकांची शिकार बंद न करता हंगाम आणि मर्यादा ठरविल्या. १९३४ पासून शिकाऱ्यांना विकत घ्यावे लागणारे ‘डक स्टँप’ हे तेथील पाणथळ जागा विकत घेण्याचे मोठे साधन ठरले. आपल्याकडेही अनेक तळी संस्थानिकांनी शिकारीसाठीच राखली होती. शिकार संपल्यावर त्यांतील काही अभयारण्ये झाली, काही बुजली. तरीही एवढ्या दाट वस्तीच्या देशात, परवान्यांवर देखरेख ठेवण्याची यंत्रणा दुबळी असताना, सरसकट बंदी हीच अंमलात आणण्याजोगी रेषा होती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मात्र बंदीने शिकारी बाजूला झाला, तेव्हा पाणथळ जागेचा राखणदारही बाजूला झाला. ती जबाबदारी कोणीतरी उचलायला हवी होती.

ती आज काही प्रमाणात उचलली जात आहे. हजारो हौशी निरीक्षकांनी नोंदविलेल्या निरीक्षणांवर आधारित ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला आणि १७८ जातींना तातडीने लक्ष देण्याची गरज असल्याचे दिसले. मोर वाढत आहे. गवताळ माळांवरचे आणि पाणथळीचे कित्येक पक्षी घटत आहेत. ही आपल्या इतिहासातील सर्वांत नवी यादी. ती राजाने कोरविलेली नाही, शिकाऱ्यांसाठी केलेली नाही आणि तीत कोणाला शिक्षाही नाही. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी, शिक्षक, निवृत्त कारकून, शेतकरी यांनी आपापल्या गावच्या तळ्यावर केलेली ती मोजणी आहे.

आता हिवाळ्यात उत्तरेकडून बदके येऊ लागतील. त्यांना मारण्याचा हक्क कोणालाच नाही, हे ठरून गेले आहे. त्यांना उतरायला पाणी शिल्लक राहील का, हे अजून ठरायचे आहे. आपल्या जवळच्या तलावाची नोंद कोणाच्या वहीत आहे, हे या हंगामात एकदा पाहावे. नसेल, तर ती वही आपणच उघडावी.